अन्नपूर्णा बेस कॅम्प उतरून चितवनच्या जंगलात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीत किंवा मार्च-एप्रिलमध्ये नेपाळातल्या अन्नपूर्णा बेस कॅम्पला, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एबीसीला, महाराष्ट्रातून बरेच जण जातात. चढाईची तयारी मंडळी महिनोन्महिने करतात. सिंहगडाच्या फेऱ्या होतात, बुटांची चर्चा होते, उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यावी की नको यावर वाद होतात. खाली उतरल्यावर पुढे चितवन राष्ट्रीय उद्यानात जायचं, हे मात्र "तिथं गेल्यावर बघू" म्हणून सोडून दिलेलं असतं. मग डोंगराखालच्या पोखरा शहरात पोचल्यावर एका रात्रीचं पॅकेज घेतलं जातं, थकलेल्या अंगानं बसमध्ये बसायचं, संध्याकाळी नाच बघायचा, सकाळी तासाभराची होडी आणि परत. इतकं सुंदर जंगल असं उरकून टाकलेलं पाहून वाईट वाटतं. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

ट्रेक संपल्यावर चितवनसाठी किती दिवस हाताशी ठेवावेत?

कमीत कमी पाच. पोखरात विश्रांतीचा एक पूर्ण दिवस, पोखरा ते सौराहा (चितवनच्या कडेचं मुक्कामाचं गाव) प्रवासाचा एक, जंगलात दोन पूर्ण दिवस आणि निघायचा एक. यातला काटायचाच असेल तर पोखरातला दिवस काटता येईल, पण जंगलातले दोन दिवस काटू नका. तीन मिळाले तर फारच उत्तम.

ट्रेकवर रोज कुठंतरी पोचायचं असतं. जंगलात पोचायचं असं काहीच नसतं, थांबायचं असतं. अंगात भिनलेली ती घाई उतरायलाच पहिला दिवस जातो. एका रात्रीच्या पॅकेजमध्ये तेवढा वेळही मिळत नाही.

एबीसीवरून पोखराला उतरायला किती वेळ लागतो? उतारच तर आहे ना?

उतारच आहे, आणि अवघड तोच आहे. एबीसी ४,१३० मीटरवर. पहिल्या दिवशी बहुतेक जण माछापुछ्रे बेस कॅम्प, देउराली, दोभान करत बांबूपर्यंत येतात. बांबू आहे साधारण २,३०० मीटरवर. म्हणजे एका दिवसात १,८०० मीटर खाली. फुप्फुसं खूश असतात, गुडघे नसतात.

दुसऱ्या दिवशी नुसता उतार नाही. बांबूहून सिनुवापर्यंत चढ आहे, मग छोमरोंग खोलाच्या (खोला म्हणजे ओढा, नदी) पुलापर्यंत दगडी पायऱ्यांचा लांबच लांब उतार, आणि पूल ओलांडला की समोर छोमरोंग गावाच्या पायऱ्या वर जाताना दिसतात. जाताना याच पायऱ्या हसत उतरलेला माणूस परतताना दर वळणावर थांबतो. छोमरोंगहून झिनू डांडा पुन्हा तीव्र उतारावर. इथं मुक्काम करावा. गावाखाली मोदी खोलाच्या काठी गरम पाण्याची कुंडं आहेत. तिथवर उतरायला वीस-पंचवीस मिनिटं आणि परत चढायला त्याहून जास्त लागतात, तरी दुखऱ्या पोटऱ्यांना याहून चांगलं औषध त्या वाटेवर दुसरं नाही.

तिसऱ्या दिवशी झिनूजवळचा २८७ मीटर लांबीचा झुलता पूल ओलांडून पलीकडे थोडं चाललं की जीप मिळते. नयापूलमार्गे पोखरा. कच्चा रस्ता, हाडं खिळखिळी करणारा, पण दुपारपर्यंत लेकसाइडला, म्हणजे पोखराच्या तळ्याकाठच्या भागात, पोचता येतं.

उतरताना दोन काठ्या वापरा. एक नव्हे, दोन. बुटाच्या पुढच्या टोकाला अंगठा आपटू नये म्हणून उतार सुरू होण्याआधी लेस घोट्यापाशी घट्ट करा. काळी पडलेली नखं घेऊन जंगलात चालणं फार त्रासाचं होतं.

पोखरात एक दिवस थांबायलाच हवं का?

शक्यतो हो. भाड्यानं घेतलेलं डाऊन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग परत करायची असते, कपडे धुवायला टाकायचे असतात आणि पोर्टर-गाईडांचा हिशेब शांतपणे, सन्मानानं करायचा असतो. जीपमधून उतरता उतरता घाईत नोटा हातात कोंबू नका. संध्याकाळी एकत्र जेवा, आभार माना आणि बक्षिसी त्यांच्या हातात द्या. तुमची सॅक वाहिलेल्या माणसाचा तेवढा हक्क आहे.

शिवाय डोंगरावर असताना भूक मेलेली असते, ती पोखरात अचानक जागी होते. पहिल्याच संध्याकाळी पोटावर अत्याचार केलेले लोक दुसऱ्या दिवशी बसमध्ये हैराण होतात. साधा दालभात, दही, भरपूर पाणी, एवढ्यावर भागवा.

पोखराहून सौराहाला कसं जायचं?

चितवनला जायचं म्हणजे बहुतेकांसाठी सौराहाला जायचं. राप्ती नदीच्या उत्तर काठावरचं हे गाव. हॉटेलं, गाईड, परवान्यांची कचेरी सगळं इथंच आहे.

सरळ उपाय म्हणजे टूरिस्ट बस. सकाळी सातच्या सुमारास पोखराच्या टूरिस्ट बस पार्कमधून निघते. तिकीट आदल्या दिवशी हॉटेलवाल्याकडून घेता येतं. दमौली, डुम्रे करत पृथ्वी राजमार्गानं मुग्लिनला यायचं, तिथून दक्षिणेला वळून त्रिशूलीच्या काठाकाठानं नारायणगढ, मग पूर्वेकडे टाँडी आणि आत सौराहा. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. "मग तीन-साडेतीन तास" असा आपला हिशेब इथं लावू नका. सहा तास धरा. रस्त्याचं काम चालू असेल किंवा दरड आली असेल तर आठही लागतात. सौराहाच्या थांब्यावर हॉटेलांच्या गाड्या न्यायला येतात.

लोकल बसनं जायचं असेल तर नारायणगढला गाडी बदला आणि टाँडीच्या चौकात उतरा. तिथून सौराहा सहा-सात किलोमीटर, ई-रिक्षा मिळते. पाच-सहा जणांचा गट असेल तर खासगी जीप परवडते, आणि वाटेत हवं तिथं थांबता येतं.

हा रस्ता सुरक्षित आहे का?

दिवसा, कोरड्या हंगामात, चांगल्या गाडीनं गेलात तर काळजीचं फार कारण नाही. पण तो हलक्यात घेण्यासारखा नाही, आणि हे महाराष्ट्रातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. २३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखराहून काठमांडूकडे निघालेली, जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्याङ्दी नदीत कोसळली. पंचवीसहून अधिक माणसं गेली. त्याच्या सहा आठवडे आधी, १२ जुलैला पहाटेच्या अंधारात, नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर सिमलताल इथं दरड कोसळून दोन बस प्रवाशांसह त्रिशूलीत वाहून गेल्या.

दोन्ही घटना पावसाळ्यातल्या. दोन्हीकडे रस्त्याच्या एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला फुगलेली नदी. म्हणून माझा आग्रह असा: जून ते सप्टेंबर या वाटेनं जाऊच नका, आणि एरवीही रात्रीची बस घेऊ नका. रात्रीच्या बसनं एक दिवस वाचतो, असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका. चालक भरधाव हाकत असेल तर स्पष्ट सांगा, "दाइ, बिस्तारै," म्हणजे दादा, हळू. नेपाळात हे सांगणं कोणी मनाला लावून घेत नाही. अर्ध्या बसलाही तेच हवं असतं.

वाटेत कुठं थांबण्यासारखं आहे का?

एक दिवस जास्त असेल तर बांदीपूर. डुम्रेहून आठेक किलोमीटर वर, साधारण हजार मीटर उंचीवरचं जुनं नेवारी बाजाराचं गाव. मुख्य पेठेत गाड्या येत नाहीत. हिमालयाचं शेवटचं निवांत दर्शन इथून होतं, कारण पुढे उतरलात की डोंगर पाठीमागे जातात.

कोणता महिना निवडावा, म्हणजे डोंगर आणि जंगल दोन्ही साधेल?

याचं उत्तर बहुतेक माहितीपत्रकांत फक्त डोंगराच्या बाजूनं दिलेलं असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल हे ट्रेकचे दोन्ही हंगाम चांगले. आकाश सर्वांत स्वच्छ असतं ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जंगलाचं गणित वेगळं आहे.

चितवनच्या नदीकाठच्या कुरणांमधलं गवत पावसाळ्यात हत्ती लपेल एवढं वाढतं, काही ठिकाणी सहा-सात मीटर. ऑक्टोबरात तुम्ही जीपमध्ये उभे राहिलात तरी दोन्ही बाजूंना हिरवी भिंतच असते. गेंडा दहा पावलांवर चरत असतो, त्याचा आवाज येतो आणि दिसत मात्र काही नाही. पुढे हिवाळ्यात, साधारण माघाच्या सुमारास, आसपासच्या गावकऱ्यांना काही दिवस आत जाऊन छपरांसाठी खर आणि बोरू कापायची परवानगी मिळते. नंतर उरलेल्या गवताला आग लावली जाते, आणि काही दिवसांत राखेतून कोवळे पोपटी कोंब वर येतात. त्या कोंबांवर चितळांचे कळप येतात, गेंडे येतात, त्यांच्या मागावर वाघही. म्हणून फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते एप्रिल हा जनावरं दिसण्याचा खरा काळ.

त्यामुळे दोन्ही साधायचं असेल तर मार्चचा मध्य ते एप्रिलचा पहिला आठवडा. वर लालीगुराँस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेला असतो आणि खाली गवत आखूड असतं. दुपारी डोंगरावर ढग येतात, चितवनला ऊन तापायला लागतं, एवढं सोसायची तयारी ठेवा. मात्र मार्चमध्ये एबीसीच्या वाटेवर हिंकू गुहा आणि देउरालीच्या टापूत हिमस्खलनाचा धोका असतो. तिथं गाईड म्हणेल तेव्हाच, म्हणजे बहुधा पहाटे लवकर, पुढे जायचं.

दिवाळीतच सुट्टी असेल तर जंगल सोडून देऊ नका. तेव्हा होडी आणि पायी फेरी यांवर भर द्या, जीपवर कमी. नोव्हेंबरपासून राप्तीवर स्थलांतरित पक्षी उतरू लागतात. वाळूच्या बेटांवर चक्रवाकांच्या जोड्या दिसतात, आणि उन्हं खायला मगरी व घडियाल काठावर येतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दाट धुकं असतं, कधी दहा-साडेदहापर्यंत हटत नाही.

ताडोबा पाहिलाय. चितवनला वेगळं काय? वाघ दिसेल?

वाघासाठीच जायचं असेल तर ताडोब्यालाच जा. २०२२ च्या गणनेत चितवनमध्ये १२८ वाघ मोजले गेले, म्हणजे वाघ कमी नाहीत. पण ताडोबाचं जंगल कोरडं आहे. उन्हाळ्यात पाणवठे मोजकेच उरतात आणि वाघाला तिथं यावंच लागतं. चितवनला तीन नद्या आहेत, राप्ती, रेउ आणि नारायणी, शिवाय असंख्य ताल, म्हणजे तळी. पाणी सगळीकडे, गवत सगळीकडे. वाघाला कुठं येऊन दाखवायची गरजच नाही. पाऊलखुणा मात्र हमखास दिसतात, आणि साल वृक्षांच्या खोडांवर नखांचे ओरखडे.

चितवनचा राजा गेंडा. एकशिंगी गेंडा. २०२१ च्या गणनेत नेपाळात ७५२ गेंडे होते, त्यातले ६९४ एकट्या चितवनमध्ये. १९५० च्या दशकात मलेरिया आटोक्यात आला आणि डोंगरातून लोक या तराईत, म्हणजे पायथ्याच्या सपाट पट्ट्यात, वसायला उतरले. जंगल तुटलं, शिकार वाढली, आणि साठीचं दशक संपताना गेंडे शंभरच्या आसपास उरले. १९७३ साली चितवन नेपाळचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, १९८४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. सैन्य पहाऱ्याला उभं राहिलं. उद्यानाभोवतीचा पट्टा बफर झोन म्हणून जाहीर झाल्यावर उद्यानाच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के वाटा आसपासच्या गावांच्या कामांना मिळू लागला. २०११ हे अख्खं वर्ष असं गेलं की नेपाळात एकही गेंडा चोरट्या शिकारीत मेला नाही. दोन फेऱ्या केल्या तर गेंडा दिसण्याची शक्यता खूपच चांगली आहे, आणि तो दिसतो तेव्हा हे सगळं मागे उभं असतं.

दुसरा मोठा फरक म्हणजे चितवनला गाईडबरोबर जंगलात पायी जाता येतं आणि होडीनंही. ताडोब्याच्या कोअरमध्ये पायी फिरता येत नाही. जिप्सीत बसून जंगल पाहणं आणि आपल्या पायांनी त्यात शिरणं यांत किती अंतर आहे, हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

पायी जाणं धोक्याचं नाही का?

धोका आहे, आणि तो गाईड लपवत नाहीत. नियमानं किमान दोन गाईड बरोबर असतात, एक पुढे आणि एक मागे. दोघांच्या हातात फक्त लांब काठी, बंदूक नसते. आत शिरण्याआधी ते गटाला उभं करून सांगतात: गेंडा अंगावर आला तर सरळ पळू नका, नागमोडी पळा, जवळ चढण्याजोगं झाड असेल तर चढा, नसेल तर जाड खोडाआड व्हा, अंगावरची टोपी किंवा पिशवी टाकून द्या, तो तिच्यापाशी घुटमळतो. अस्वल आलं तर पांगू नका, घोळका करा, काठ्या आपटा. वाघ समोर आला तर पाठ फिरवू नका, नजर न काढता हळूहळू मागे सरा. रानहत्ती असेल तर वेळ न घालवता पळा. हे ऐकताना कोणी हसत असेल तर गाईड पुन्हा पहिल्यापासून सांगतो, आणि ते बरोबरच आहे.

मग चालणं सुरू होतं. पुढचा गाईड एकदम हात वर करतो, सगळे जागच्या जागी थांबतात. वाटेच्या कडेला शेणाचा मोठा ढीग असतो. गेंडे पुन्हा पुन्हा एकाच जागी येऊन शेण टाकतात. गाईड वाकून बघतो, वरचा थर ओला आहे की वाळलेला. ओला असेल तर तो काठीनं दिशा दाखवतो आणि बोलणं बंद. थोड्या वेळानं गवतातून कापड फाडल्यासारखा आवाज येतो. गेंडा ओठांनी गवताचा जुडगा ओढून तोडतोय. आधी कान दिसतो, चामड्याची घडी दिसते, मग चिखलानं माखलेला तो अख्खा डोंगर. त्याची नजर कमजोर, पण नाक आणि कान तिखट. वारा कुठून वाहतोय ते पाहूनच गाईड तुम्हाला कुठं उभं करायचं ते ठरवतो.

गुडघे सुजलेले असतील, पळणं शक्य नसेल, तर पायी सफारी घेऊ नका. ट्रेकनंतरच्या लोकांना मी हे मुद्दाम सांगतो. आधी होडी, जीप करा. दुसऱ्या दिवशी पाय मोकळे झाले तर अर्ध्या दिवसाची पायी फेरी घ्या. लहान मुलांना पायी नेऊ नये.

दोन दिवसांत काय काय आणि कोणत्या क्रमानं करावं?

पोचलात त्या संध्याकाळी फक्त राप्तीच्या काठावर बसा. पलीकडे जंगल, मधे नदी, कितीदा तरी गेंडा तिथंच पाण्यावर येतो.

पहिल्या सकाळी होडी. काटेसावरीचं खोड कोरून केलेली अरुंद, लांब होडी. पाण्यापासून काठ वीतभरच वर असतो, म्हणून हालचाल कमी करायची. प्रवाहाबरोबर वाहत जाताना आवाज होत नाही, त्यामुळे खंड्या, बगळे, मगरी फार जवळून दिसतात. त्याच दिवशी दुपारी घडियाल प्रजनन केंद्र. कसऱ्याला, उद्यानाच्या मुख्यालयी, १९७८ पासून हे काम चालू आहे. नदीतून अंडी गोळा करून पिल्लं वाढवतात आणि मोठी झाली की पुन्हा नदीत सोडतात.

दुसऱ्या दिवशी जीप. अर्ध्या दिवसापेक्षा पूर्ण दिवसाची चांगली, कारण सौराहाजवळच्या वाटांवर गर्दी असते आणि आत कसऱ्याच्या बाजूला ती विरळ होते. गटानं मिळून जीप घेतली तर खर्च आवाक्यात येतो.

तिसरा दिवस असेल तर बीसहजारी ताल. बफर झोनमधली ही पाणथळ रामसार यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. पक्ष्यांसाठी जाणाऱ्यांनी हा दिवस ठेवाच. चितवनमध्ये पाचशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत.

हत्तीवर बसून सफारी करावी का?

करू नये. हत्तीला माणसाळवताना त्याच्यावर जे केलं जातं आणि एरवी तो ज्या साखळीत उभा असतो, ते एकदा पाहिलं की त्याच्या पाठीवर बसवत नाही. गेंडे जीपमधूनही दिसतात, पायीही दिसतात. हॉटेलचं पॅकेज घेताना हत्तीची फेरी त्यात गृहीत धरलेली असू शकते. ती काढून त्याऐवजी होडी किंवा गाईड द्या, असं आधीच सांगा.

ओळखपत्र, परवाने, पैसे?

भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानानं जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र हवं. १५ ते ६५ या वयातल्यांना विमानासाठी आधार चालत नाही. निघताना विमानतळावर अडकून पडलेली मंडळी दर हंगामात दिसतात, तेव्हा हे एकदा तपासाच.

अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना वेगळा, चितवनचा वेगळा. दोन्हीकडे सार्क देशांच्या नागरिकांना इतर परदेशी लोकांपेक्षा कमी शुल्क आहे, पण ओळखपत्र दाखवल्याशिवाय ते मिळत नाही. चितवनचा परवाना दर दिवसाचा असतो. पॅकेजमध्ये तो धरलाय का, हे विचारून घ्या.

१०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात, हा दर ठरलेला आहे. पोखरा आणि सौराहात अनेक दुकानांत भारतीय यूपीआयनं क्यूआर स्कॅन करून पैसे देता येतात. गाईड, होडीवाले, ई-रिक्षावाले यांच्यासाठी रोख नेपाळी रुपये जवळ ठेवा.

ट्रेकचं सामान जंगलात चालतं का?

बूट, पाण्याची बाटली, हेडलॅम्प, पूर्ण बाह्यांचे लवकर वाळणारे शर्ट, हे सगळं चालतं. रंग मात्र बघा. डोंगरावर लाल-केशरी जॅकेट बरं, कारण लांबून दिसतं. जंगलात तेच नको. खाकी, मातकट, फिका हिरवा घाला, पांढराही टाळा. अत्तर, डिओ लावून जाऊ नका. हिवाळ्यात उघड्या जीपमध्ये सकाळी चांगलंच गारठायला होतं, म्हणून एक फ्लीस आणि विंडचीटर पोखरात बांधून न ठेवता बरोबर घ्या. दुर्बीण एकाकडे तरी असावी.

मलेरियाच्या गोळ्या घ्याव्या लागतात का?

ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, कारण ट्रेकसाठी तुम्ही इतर औषधंही घेतलेली असतात. डास मात्र आहेत, आणि पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत डेंग्यूही असतो. संध्याकाळी अंग झाकेल असे कपडे, डासांचं मलम, खोलीला जाळी. घरी परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना तराईत जाऊन आल्याचं आवर्जून सांगा.

थारू नाच बघावा का?

बघा, पण थारू लोकांची ओळख तेवढ्यावर थांबवू नका. मलेरियानं भरलेल्या या तराईत पिढ्यान् पिढ्या टिकून राहिलेले हे लोक. नंतर जंगल तुटलं आणि उद्यान झालं तेव्हा गावंही हलवली गेली, त्याची झळ याच लोकांना बसली. सायकल भाड्यानं घेऊन सकाळी आसपासच्या गावांतून फिरा. कुडाच्या भिंती, मातीचं लिंपण, त्यावर हातानं उठवलेली चित्रं दिसतात. थारू घरगुती जेवण देणारी ठिकाणं आहेत, तिथं तांदळाच्या पिठाची वाफवलेली ढिकरी मागा. गोगलगायींची घोंगी हाही त्यांचा आवडता पदार्थ, शाकाहारी मंडळींनी तेवढं विचारून घ्यावं.

रात्री जेवून हॉटेलकडे परतताना टॉर्च हवाच. गेंडे कधीकधी गावाच्या रस्त्यावर येतात. मोबाइल काढून जवळ जाणारे पर्यटक स्वतःचाही जीव धोक्यात घालतात आणि गावाचाही.

आई-बाबांना ट्रेक झेपणार नाही, पण त्यांना चितवनला बोलावता येईल का?

नक्की बोलवा. ट्रेकला जाणाऱ्या मुलांनी घरच्यांना सहलीत सामील करून घ्यायचा हा सर्वांत चांगला मार्ग आहे. त्यांनी मुंबईहून काठमांडूला यावं आणि तिथून देशांतर्गत विमानानं भरतपूरला. भरतपूरहून सौराहा तासाभराच्या आत. रस्त्याचा सगळा त्रास वाचतो. तुम्ही पोखराहून बसनं या. होडी आणि जीप दोन्ही ज्येष्ठांना झेपतात. होडीत बसताना गुडघे दुमडून खाली टेकावं लागतं, तेवढं आधी सांगा.

एव्हरेस्ट बेस कॅम्पहून येणाऱ्यांनी काय करावं?

लुक्ला हा त्या ट्रेकचा डोंगरातला विमानतळ. तिथलं विमान हवामानावर अवलंबून, एक-दोन दिवस अडकणं नेहमीचंच. त्यामुळे लुक्लाहून उतरायच्या दुसऱ्याच दिवसाचं चितवनचं आरक्षण करू नका, मधे दोन दिवस मोकळे ठेवा. काठमांडूहून रस्ता मुग्लिनपर्यंत येतो आणि पुढे तोच.

वाघासाठी बर्दिया राष्ट्रीय उद्यान जास्त चांगलं म्हणतात, ते?

खरं आहे. २०२२ मध्ये तिथं १२५ वाघ मोजले गेले, आणि पर्यटक चितवनपेक्षा खूपच कमी. पण ते पार पश्चिमेला आहे, पोखराहून रस्त्यानं अख्खा दिवस जातो. ट्रेकला जोडून जायचं तर आणखी तीन दिवस हवेत. वेगळी सहल म्हणून ठेवा.

चितवनहून परत महाराष्ट्रात कसं यायचं?

विमानानं यायचं तर भरतपूर-काठमांडू-मुंबई.

रेल्वेनं यायचं तर सौराहाहून नारायणगढ, बुटवल, भैरहवा करत सुनौली सीमेवर या, सीमा पायी ओलांडा आणि पलीकडून जीप किंवा बसनं गोरखपूर गाठा. तिथून मुंबईला कुशीनगर एक्स्प्रेस रोज आहे, पुण्यालाही थेट गाड्या आहेत. भैरहवापासून लुंबिनी पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. बुद्धाच्या जन्मस्थानी जायची इच्छा महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत असते. इतक्या जवळ आला आहात तर तिथं एक मुक्काम करा. सकाळी मायादेवी मंदिर आणि अशोकस्तंभ पाहून दुपारी सीमा ओलांडता येते.

नारायणगढ ते बुटवल रस्त्याचं रुंदीकरण वर्षानुवर्षं रेंगाळलेलं आहे आणि दाउन्नेच्या घाटात गाड्या तासन् तास अडकतात. सौराहाहून निघाल त्याच दिवसाचं गोरखपूरचं आरक्षण करू नका, दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीचं करा. तेही ट्रेकच्या तारखा ठरल्या त्याच दिवशी, कारण मुंबईच्या गाड्या दिवाळीत आणि होळीच्या आसपास फार लवकर भरतात.